बोरीबंदरच्या शिल्पकाराची उमेदवारी

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या फलाटावर उतरणाऱ्या माणसाला घाई असते. लोकल चुकू नये, टॅक्सी मिळावी, कचेरीत लेट मार्क लागू नये, या धावपळीत मान वर करून घुमटाकडे पाहणारे थोडेच. तो घुमट ज्याने कागदावर रेखाटला, त्या माणसाचे नाव तर त्याहून थोड्यांना ठाऊक असते. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स हे ते नाव. ही इमारत हाती आली तेव्हा त्यांचे वय अवघे तीस वर्षांचे होते आणि स्वतंत्रपणे उभी केलेली मोठी म्हणावी अशी एकच वास्तू त्यांच्या खात्यावर जमा होती. कोणत्याही विद्यापीठाची पदवी त्यांच्याजवळ नव्हती. होती ती केवळ उमेदवारी.

स्टीव्हन्स यांचा जन्म १८४७ सालचा, इंग्लंडमधील बाथ या गावचा. रोमन काळातील गरम पाण्याची कुंडे आणि मधाच्या रंगाच्या चुनखडीतून उभारलेल्या चंद्रकोरीच्या आकाराच्या घरांच्या रांगा यांसाठी हे गाव प्रसिद्ध आहे. दगड कसा बोलतो हे शिकायला याहून चांगली शाळा मिळणे कठीण. त्या काळी इंग्लंडात वास्तुकलेचे शिक्षण बहुतेकांना महाविद्यालयात मिळत नसे. मुलगा पंधरा-सोळा वर्षांचा झाला की त्याला एखाद्या प्रस्थापित वास्तुविशारदाकडे करारपत्राने बांधून ठेवीत. तेथे आधी इतरांच्या आराखड्यांच्या नकला करायच्या, मोजमापे घ्यायची, बांधकामावर जाऊन गवंड्यांची आणि पाथरवटांची बोलणी ऐकायची आणि मग केव्हातरी स्वतःच्या हाताने एखादी खिडकी, एखादी कमान काढायला मिळायची. आपल्याकडे सुतार-सोनारांच्या घरी मुले जशी शिकत, त्याच जातीचे हे शिक्षण.

१८६२ मध्ये स्टीव्हन्स यांना बाथमधील चार्ल्स डेव्हिस यांच्या हाताखाली अशी उमेदवारी मिळाली. डेव्हिस पुढे त्या गावचे नगर-वास्तुविशारद म्हणून नावारूपाला आले. गाडले गेलेले रोमन स्नानगृह उकरून काढण्याच्या कामाशी त्यांचे नाव जोडलेले आहे. मात्र ते घडले तेव्हा त्यांचा हा शिष्य मुंबईत स्वतःच्या घुमटाच्या चिंतेत होता. पाच वर्षे डेव्हिस यांच्याकडे घालवल्यानंतर तरुण स्टीव्हन्सपुढे दोन वाटा होत्या. बाथमध्येच राहून कोणाच्या तरी कचेरीत नकाशे काढीत बसणे ही एक. समुद्रापलीकडे नशीब काढणे ही दुसरी. हिंदुस्थानातील सार्वजनिक बांधकाम खात्यासाठी तेव्हा स्पर्धा परीक्षा घेतली जाई. १८६७ मध्ये स्टीव्हन्स ती परीक्षा उत्तीर्ण झाले आणि सहायक अभियंता म्हणून इकडे आले. त्यांची पहिली नेमणूक पुण्यात झाली. वयाची विशीही तेव्हा पुरती ओलांडली नव्हती.

वर्षभरातच त्यांची मुंबईला बदली झाली. ही बदली झाली नसती तर स्टीव्हन्स हे नाव बांधकाम खात्याच्या जुन्या दप्तरातच राहिले असते. कारण मुंबईत त्या वेळी जे चालले होते तसे हिंदुस्थानात अन्यत्र कुठेच चालले नव्हते. गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांनी जुन्या किल्ल्याचे तट पाडायला लावले होते. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसात आलेला पैसा १८६५ मध्ये कोसळला, अनेक पेढ्या बुडाल्या, पण सरकारी इमारतींचे बेत मागे पडले नाहीत. मैदानाच्या कडेने सचिवालय, विद्यापीठ, उच्च न्यायालय अशी एकामागून एक गॉथिक धाटणीची कामे सुरू झाली. विद्यापीठाची इमारत आखणारे सर गिल्बर्ट स्कॉट मुंबईला कधी आलेच नाहीत. त्यांनी लंडनहून नकाशे धाडले. उच्च न्यायालय कर्नल जेम्स फुलर यांचे, आणि याच फुलर यांच्या हाताखाली स्टीव्हन्स यांनी काम केले. बाथमधल्या पाच वर्षांनी त्यांना रेघ शिकवली असेल, तर ऊन, पाऊस आणि खारा वारा यांचा हिशेब फुलर यांच्या कचेरीत कळला असणार. मुंबईत व्हरांड्याविना इमारत उभी राहू शकत नाही, हे इंग्लंडातून आलेल्या माणसाला कोणीतरी सांगावेच लागते.

त्यांचे पहिले मोठे स्वतंत्र काम म्हणजे रॉयल आल्फ्रेड सेलर्स होम, खलाशांसाठी बांधलेले विश्रामगृह. १८७० मध्ये ड्यूक ऑफ एडिंबरा मुंबईला आले असता त्याची कोनशिला बसली. बडोद्याचे खंडेराव महाराज गायकवाड यांनी त्यासाठी दोन लाख रुपयांची देणगी दिली होती. बांधकाम १८७२ मध्ये सुरू झाले आणि १८७६ मध्ये संपले. रुंद कमानींचे व्हरांडे, करड्या दगडाला निराळ्या रंगाच्या दगडांची जोड आणि दर्शनी त्रिकोणात समुद्रदेव नेपच्यून यांनी सजलेली ही वास्तू मुंबईकरांना वेगळ्या कारणांनी परिचित आहे. १९२८ पासून येथे कायदेमंडळ भरत असे. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातली आणि त्यानंतरची किती वादळे या भिंतींनी ऐकली! विधानभवन नरिमन पॉइंटला गेल्यानंतर राज्य पोलिसांचे मुख्यालय येथे आले. खलाशी, आमदार आणि पोलीस या तिघांनाही पुरून उरलेली ही इमारत एका पंचविशीतल्या अभियंत्याने आखली होती.

या कामाने स्टीव्हन्स यांच्याकडे लक्ष वेधले गेले. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेला बोरीबंदर येथे नवे स्थानक आणि कंपनीची कचेरी हवी होती. १८५३ मध्ये पहिली आगगाडी जिथून सुटली त्या जागेवर तोवर साधेसुधेच स्थानक होते. कंपनीने सरकारकडे स्टीव्हन्स यांची मागणी केली आणि १८७७ मध्ये त्यांच्या सेवा रेल्वेकडे उसनवार देण्यात आल्या. पुढची दहा महिने त्यांनी रजा काढून युरोपचा दौरा केला. तिथली नामांकित स्थानके पाहणे हा त्यामागचा हेतू. लंडनचे सेंट पँक्रस हे स्कॉट यांचे स्थानक तेव्हा नवे होते आणि त्याची छाप बोरीबंदरवर पडली, असे जाणकार सांगतात. ते खरेच आहे. पण दोन्ही इमारती पाहिलेल्या कोणालाही फरक चटकन जाणवतो. लंडनच्या स्थानकाला असा घुमट नाही.

हा घुमटच स्टीव्हन्स यांच्या उमेदवारीची खरी कसोटी होता. गॉथिक शैलीचा जीव टोकदार कमानीत आणि उंच मनोऱ्यात असतो. घुमट हा तिचा स्वभाव नव्हे. दोन्ही एकत्र आणायचे तर बेढब दिसण्याचा धोका होता, आणि पडण्याचा धोका त्याहून मोठा. खाली मोठा जिना, त्याच्यावर मोकळी पोकळी आणि पोकळीच्या माथ्यावर अष्टकोनी दगडी घुमट, असा हा मांड होता. घुमटाच्या फासळ्या एकमेकींत खाचा-खुंटीने अडकवलेल्या आहेत आणि तो चढवताना आतून लाकडी आधाराचा साचा लावला नव्हता, असे सांगितले जाते. प्रत्येक थर आपला भार आपणच पेलत वर जायचा. खालच्या जिन्याच्या पायऱ्यांचीही तीच तऱ्हा. एक टोक भिंतीत रुतवलेले, दुसरे अधांतरी. या पायऱ्यांवरून कंपनीच्या साहेबांनी पहिल्यांदा पाऊल टाकले तेव्हा स्टीव्हन्स यांच्या मनात काय चालले असेल याची कल्पना कोणताही तरुण वास्तुविशारद करू शकेल.

काम १८७८ च्या उन्हाळ्यात सुरू झाले ते दहा वर्षे चालले. खर्च सुमारे १६ लाख १४ हजार रुपये आला. इथे एक गोष्ट मुद्दाम नोंदवली पाहिजे. स्टीव्हन्स यांच्या बरोबरीने हे काम पाहणारे सहायक अभियंते सीताराम खंडेराव वैद्य आणि माधवराव जनार्दन हे होते. इमारतीवर कोणाचे नाव कोरायचे हे ठरवताना त्यांचा विचार फारसा झाला नाही. पण बांधकामावर रोज उन्हात उभे राहणे त्यांच्याही वाट्याला आले होते. दगडावरची नक्षी जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी घडवली. पाने, फुले, मोर, माकडे, घुबडे असा मोठा परिवार त्यांनी भिंतींवर आणून बसवला. तिकीटघराच्या खांबांवरची ही पाने नीट पाहिली तर त्यांतली काही आपल्याकडच्या झाडांची आहेत हे ओळखू येते. दर्शनी भागावर कंपनीच्या संचालकांचे मुखवटे आहेत. त्यांत जमशेटजी जीजीभाई आणि जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेट हेही आहेत. फाटकाच्या खांबांवर ब्रिटनचा सिंह आणि हिंदुस्थानचा वाघ समोरासमोर बसले. घुमटावर प्रगतीची मूर्ती चढवण्यात आली. एका हातात मशाल, दुसऱ्या हाताजवळ आऱ्यांचे चाक. ती थॉमस अर्प या शिल्पकाराची.

१८८७ मध्ये राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी दिवशी स्थानकाला तिचे नाव देण्यात आले आणि पुढल्या वर्षी बांधकाम पूर्ण झाले. दरम्यान स्टीव्हन्स यांनी सरकारी नोकरी सोडून स्वतंत्र व्यवसाय सुरू केला होता. पेन्शनीची खात्री असलेली नोकरी सोडणे त्या काळीही धाडसाचेच. मात्र रेल्वेच्या कामाने त्यांना ती हिंमत दिली, आणि थोड्याच वर्षांत तिचे फळही दिले.

बोरीबंदरसमोरच महापालिकेची नवी इमारत होणार होती. तिची कोनशिला १८८४ च्या डिसेंबरात व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांच्या हस्ते बसली, परंतु आराखडा कोणाचा, हा प्रश्न त्यानंतर चार वर्षे रेंगाळला. मद्रासमध्ये नाव कमावलेले रॉबर्ट चिझम हे प्रतिस्पर्धी. मुघली-दक्षिणी वळणाच्या इमारतींत त्यांचा हात धरणारा दुसरा कोणी नव्हता आणि सुरुवातीला पारडे त्यांच्याच बाजूला झुकले होते. अखेर १८८८ मध्ये स्टीव्हन्स यांचा आराखडा पक्का झाला. गंमत अशी की, जिंकण्यासाठी स्टीव्हन्स यांनी प्रतिस्पर्ध्याच्या घरातलेच काही उचलले. महापालिकेचे घुमट पौर्वात्य आहेत आणि कमानी गॉथिक. समोरासमोर उभ्या असलेल्या या दोन इमारती एकाच माणसाच्या आहेत, हे पटकन ध्यानात येत नाही ते यामुळेच.

काम १८८९ च्या एप्रिलमध्ये सुरू झाले आणि १८९३ च्या जुलैअखेर संपले. कंत्राटदार व्यंकू बाळाजी कालेवार आणि निवासी अभियंता पुन्हा सीताराम खंडेराव वैद्य. मंजूर रक्कम ११ लाख ८८ हजार ८२ रुपये होती. प्रत्यक्ष खर्च ११ लाख १९ हजार ९६९ रुपये झाला. म्हणजे ६८ हजार ११३ रुपये वाचले. महापालिकेच्या बांधकामात अंदाजापेक्षा कमी खर्च झाल्याचे हे उदाहरण आजच्या नगरसेवकांनी आणि कंत्राटदारांनी त्याच इमारतीत बसून वाचण्याजोगे आहे.

त्यानंतर कामांची रीघ लागली. मुळजी जेठा कारंजे हे त्यांतले छोटे, पण पाहण्यासारखे. अकाली गेलेल्या मुलाच्या स्मरणार्थ एका व्यापाऱ्याने ते बांधून घेतले आणि त्याचे शिल्पकामही ग्रिफिथ्स यांनीच पाहिले. चर्चगेटला बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेचे मुख्यालय स्टीव्हन्स यांनी १८९४ ते १८९९ या काळात उभारले. निळसर काळ्या दगडात पांढऱ्या दगडाचे पट्टे, माथ्यावर घुमट आणि हातात रेल्वेचे इंजिन घेतलेली स्त्रीमूर्ती. आज तिथे पश्चिम रेल्वेचे मुख्यालय आहे. दोन प्रतिस्पर्धी रेल्वे कंपन्यांनी आपापला थाट दाखवण्यासाठी एकाच वास्तुविशारदाकडे यावे, यात त्या काळच्या मुंबईतले त्यांचे स्थान स्पष्ट होते.

चर्चगेटची इमारत पूर्ण झाल्याला जेमतेम वर्ष लोटले आणि ५ मार्च १९०० रोजी मलेरियाने त्यांचा अंत झाला. वय ५२. ज्या शहराच्या हवेला तोंड देणाऱ्या इमारती त्यांनी बांधल्या, त्याच हवेने त्यांना नेले. शिवडीच्या दफनभूमीत त्यांची समाधी आहे. हाती असलेली कामे त्यांचे पुत्र चार्ल्स फ्रेडरिक स्टीव्हन्स यांच्याकडे गेली. हे चार्ल्स मुंबईतच वाढले आणि वडिलांच्याच कचेरीत शिकून तयार झाले. पुढे १९३३ मध्ये कुलाब्याच्या तोंडाशी रीगल हे चित्रपटगृह उभे राहिले. कमान नाही, घुमट नाही, मोर-माकडे नाहीत. सरळ रेषांची आर्ट डेको वळणाची ही इमारत त्यांनी आखलेली. पोलीस मुख्यालयाच्या म्हणजे जुन्या सेलर्स होमच्या व्हरांड्यात उभे राहिले तर ती समोर दिसते.