आकाशाच्या छताचे अभ्यासक : शिशिरकुमार मित्र

कोलकात्याच्या दक्षिणेकडील बेहाला असो वा महाराष्ट्रातील एखादे खेडे, रात्र झाली की रेडिओवर दूरदूरची केंद्रे ऐकू येऊ लागतात. पृथ्वी गोल आहे आणि रेडिओलहरी तर सरळ जातात. मग त्या इतक्या दूर कशा पोहोचतात? वातावरणाच्या वरच्या भागात विद्युतभारित कणांचे थर आहेत. ते ठरावीक लहरींना जमिनीकडे परत वळवतात. या थरांना ‘आयनांबर’ म्हणतात. भारतात आयनांबराच्या अभ्यासाचा पाया घालणारे शास्त्रज्ञ म्हणजे प्रा. शिशिरकुमार मित्र.

हुगळी जिल्ह्यातील कोन्नगरच्या एका कुटुंबात २४ ऑक्टोबर १८९० रोजी त्यांचा जन्म झाला. बालपण बिहारमधील भागलपूर येथे गेले. आई शरत्कुमारी तेथील रुग्णालयात डॉक्टर होत्या. वडिलांच्या निधनानंतर संसाराचा भार आईवर पडला. तरीही त्या माउलीने मुलाचे शिक्षण खंडित होऊ दिले नाही. १९१२ साली शिशिरकुमार कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयातून एम.एस्सी. झाले.

१९२० मध्ये ते पॅरिसला गेले. तेथे प्रकाशावरील संशोधनासाठी त्यांना १९२३ साली डॉक्टरेट मिळाली. त्यानंतर नॅन्सी येथे रेडिओविषयीचे नवे प्रयोग पाहून त्यांनी आपली वाट बदलली. हे शास्त्र आपल्या देशात शिकवले गेले पाहिजे, असा ध्यास घेऊन ते परतले. कोलकाता विद्यापीठात त्यांनी बिनतारी विद्येचे अध्यापन सुरू केले आणि त्यासाठी प्रयोगशाळा उभारली. १९३० साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी आयनांबरातील थराचा प्रायोगिक पुरावा मिळवला. १९४७ साली कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीने त्यांचा ‘द अप्पर अ‍ॅट्मॉस्फियर’ हा बृहद्ग्रंथ प्रसिद्ध केला. जगभरच्या अभ्यासकांनी तो आधारभूत मानला.

या ज्ञानाचे मोल दूरच्या ग्रहांच्या अभ्यासातही आहे. १९५५ साली अमेरिकेत बर्नार्ड बर्क आणि केनेथ फ्रँकलिन यांना २२.२ मेगाहर्ट्‌झवर विचित्र खरखर आढळली. ती जवळपासच्या यंत्रांची नसून गुरू ग्रहाकडून येत होती. गुरूभोवतीच्या प्रबळ चुंबकीय प्रदेशात वेगाने फिरणारे इलेक्ट्रॉन या लहरी निर्माण करतात. मात्र त्यांपैकी साधारण १० मेगाहर्ट्‌झपेक्षा कमी वारंवारतेच्या लहरी पृथ्वीचे आयनांबर अवकाशातच परतवते. जे छत दूरचे रेडिओ केंद्र आपल्याला ऐकवते, तेच गुरूच्या लहरींचा काही भाग अडवते. म्हणून गुरूचा आवाज नीट समजण्यासाठी आधी आपल्या डोक्यावरचे छत ओळखावे लागते.

१९५८ साली मित्र लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. १९६२ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण देऊन गौरवले. १३ ऑगस्ट १९६३ रोजी त्यांचे निधन झाले. चंद्रावरील एका विवराला ‘मित्र’ हे नाव देण्यात आले आहे. परंतु त्यांचे खरे स्मारक म्हणजे त्यांनी घडवलेली विद्यार्थ्यांची पिढी आणि कोलकाता विद्यापीठातील रेडिओ भौतिकी व इलेक्ट्रॉनिकी ही संस्था होय.