बॅटरीचा जनक : व्होल्टा

हिंगोली जिल्ह्यात कयाधू नदीच्या काठी नरसी नामदेव हे गाव आहे. संत नामदेवांचे गाव म्हणून ते सर्वांना ठाऊक आहे. समजा, तेथे एक मुलगी लॅपटॉपवर अभ्यास करत बसली आहे आणि अचानक वीज जाते. घरातले दिवे विझतात. पण लॅपटॉप चालूच राहतो. ही किमया बॅटरीची! जगातील पहिली बॅटरी अलेस्सांद्रो व्होल्टा यांनी बनवली.

व्होल्टांचा जन्म १७४५ साली इटलीतील कोमो या गावी झाला. चार वर्षांचे होईपर्यंत ते बोलत नव्हते. मुलगा मुका निघतो की काय, अशी घरच्यांना काळजी वाटे. पण पुढे हाच मुलगा अभ्यासात हुशार निघाला आणि १७७९ साली पाव्हिया विद्यापीठात भौतिकशास्त्राचा प्राध्यापक झाला.

त्या काळी गॅल्व्हानी नावाच्या शास्त्रज्ञांना एक नवल दिसले. मेलेल्या बेडकाच्या पायाला दोन वेगवेगळे धातू जोडून लावले, की पाय झटका देई. ही वीज बेडकाच्या शरीरातली, असे गॅल्व्हानी यांचे मत होते. व्होल्टांनाही आधी ते पटले. मग त्यांनी स्वतः प्रयोग केले. जिभेवर दोन धातू ठेवून ते एकमेकांना टेकवले, तर आंबट चव लागली. येथे तर बेडूक नव्हता! तेव्हा वीज धातूंमुळे निर्माण होते, असे ते म्हणू लागले. दोघांचा वाद अनेक वर्षे चालला. पण गॅल्व्हानींच्या कामाविषयी व्होल्टांना आदरच होता. सजीवांच्या शरीरातही वीज असते, हे पुढे सिद्ध झाले.

आपले म्हणणे खरे करण्यासाठी व्होल्टांनी चांदीच्या आणि जस्ताच्या चकत्या एकावर एक रचल्या. मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेले पुठ्ठे ठेवले. वरची आणि खालची चकती तारेने जोडताच वीज सतत वाहू लागली. १८०० साली त्यांनी हा शोध लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्राने कळवला. परंतु पुठ्ठे वाळले की वीज मंदावे. म्हणून त्यांनी मिठाच्या पाण्याचे पेले ओळीने मांडूनही वीज मिळवली. म्हणजे बॅटरीची निगा हा प्रश्न बॅटरीइतकाच जुना आहे!

१८०१ साली पॅरिसमध्ये नेपोलियनने त्यांचे प्रयोग पाहिले आणि त्यांचा गौरव केला. १८२७ साली व्होल्टांचे कोमो येथे निधन झाले. १८८१ मध्ये विजेच्या दाबाच्या एककाला त्यांच्या स्मरणार्थ व्होल्ट हे नाव मिळाले.

आजही बॅटरीची निगा राखावी लागते. लॅपटॉपची बॅटरी काढण्यापूर्वी काम जतन करावे, लॅपटॉप बंद करावा आणि चार्जर काढावा. पुष्कळ लॅपटॉपमध्ये नाण्याएवढा दुसरा सेल असतो. मोठी बॅटरी काढली तरी तो घड्याळ चालू ठेवतो. बॅटरी उन्हात ठेवू नये. फुगलेली बॅटरी वापरू नये. बॅटरी हातात घ्याल तेव्हा तिच्यावरचा व्होल्टचा आकडा जरूर वाचा. कोमो गावच्या त्या उशिरा बोलणाऱ्या मुलाचे नाव तेथे आहे.

शब्दार्थ : किमया – जादू. जस्त – एक धातू. निगा – काळजी. एकक – मोजण्याचे माप.

स्वाध्याय
१. घरच्यांना व्होल्टांची काळजी का वाटत होती?
२. जिभेवरच्या प्रयोगातून व्होल्टांनी कोणता निष्कर्ष काढला?
३. बॅटरीची निगा कशी राखाल? चार वाक्ये लिहा.