तुरुंगातील संन्यासी : स्वामी रामानंद तीर्थ



आपल्या मुखेडची मुलेमुली नांदेडच्या विद्यापीठाची पदवी घेतात. गुणपत्रिकेवर स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ असे छापलेले असते. नाव ओळखीचे आहे. पण हे स्वामी कोण होते आणि त्यांना पुन्हा पुन्हा तुरुंगात का जावे लागले, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

त्यांचे मूळ नाव व्यंकटेश खेडगीकर. जन्म ३ ऑक्टोबर १९०३ रोजी, आजच्या कर्नाटकात. तरुणपणी त्यांनी कामगार नेते ना. म. जोशी यांच्याबरोबर कामगार चळवळीत काम केले. पुढे ते उस्मानाबाद जिल्ह्यातील हिप्परगा येथील राष्ट्रीय शाळेत शिक्षक झाले. संन्यास घेऊन त्यांनी रामानंद तीर्थ हे नाव धारण केले. पण मठात जाऊन बसले नाहीत. हिप्परग्यानंतर अंबाजोगाईच्या शाळेत शिकवीत राहिले.

त्या काळी मराठवाडा हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होता. ‘गश्ती निशाण ५३’ या हुकुमामुळे परवानगीशिवाय सभा घेता येत नसे. प्रजेला निवडून दिलेले सरकार नव्हते. अशा स्थितीत महाराष्ट्र परिषद स्थापन झाली. तिचे दुसरे अधिवेशन १९३८ साली आपल्या शेजारच्या लातूरला भरले. स्वामीजी या कामात ओढले गेले आणि त्यांनी शिक्षकी सोडली.

त्याच वर्षी हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन होणार होती. संस्था रीतसर उभी राहण्यापूर्वीच सरकारने तिच्यावर बंदी घातली. कोणताही गुन्हा घडला नव्हता; लोक एकत्र येणार, एवढेच कारण पुरेसे ठरले. ऑक्टोबर १९३८ मध्ये सत्याग्रह सुरू झाला. स्वामीजींनी स्वतःला अटक करवून घेतली व त्यांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. शेकडो सत्याग्रही तुरुंगात गेले. त्यांच्यामागे घरी म्हातारे आईवडील, बायका-मुले होती. शिक्षा त्यांनीही भोगली.

सुटून आल्यावर स्वामीजी गप्प बसले नाहीत. १९४० साली पुन्हा अटक झाली. १९४२ च्या आंदोलनात मुंबईहून परतताच पुन्हा तुरुंग. स्टेट काँग्रेसवरील बंदी उठायला १९४६ साल उजाडले. १५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला. हैदराबाद भारतात सामील व्हावे अशी मागणी करणारे स्वामीजी त्याच सुमारास पकडले गेले. नोव्हेंबरअखेर सुटका झाली आणि जानेवारी १९४८ मध्ये पुन्हा अटक. देशभर तिरंगा फडकत असताना आपल्या भागातील नेते गजाआड होते.

बाहेर रझाकारांचा जुलूम वाढला. १९४६ सालीच बिलोलीजवळ अर्जापूर येथे गोविंदराव पानसरे यांची हत्या झाली होती. ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादचे संपादक शोएबुल्ला खान यांना ठार मारण्यात आले. ते मुसलमान होते व निजामाच्या धोरणावर टीका करीत होते. म्हणून ही लढाई दोन धर्मांची होती असे म्हणणे खरे नाही. सरहद्दीवरील शिबिरांतून काही कार्यकर्त्यांनी शस्त्रेही हाती घेतली.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाची सत्ता संपली आणि स्वामीजी मुक्त झाले. हा दिवस आपण मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळतो. मात्र त्या दिवसांतील एक दुःखही लपवू नये. मुक्तीनंतर अनेक गावांत निरपराध मुसलमानांची कत्तल झाली. पंतप्रधान नेहरूंनी पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली. सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत तिने नांदेडचेही नाव घेतले, आणि तो अहवाल कित्येक दशके लोकांपुढे आला नाही. राजा बदलला म्हणून अन्याय आपोआप थांबत नाही, हे आपल्याच मातीने पाहिले आहे.

सत्ता आल्यावर स्वामीजींनी मंत्रिपद घेतले नाही. जहागिरी रद्द व्हाव्यात, जमीन कसणाऱ्याला हक्क मिळावा, भाषेनुसार राज्ये व्हावीत, यासाठी ते बोलत राहिले. लोकसभेत ते दोनदा निवडून गेले. २२ जानेवारी १९७२ रोजी त्यांचे निधन झाले. १९९४ साली नांदेडच्या विद्यापीठाला त्यांचे नाव मिळाले.

स्वामीजी आपल्या धर्माचे नव्हते. तरीही त्यांचे जीवन आपल्याला विचार करायला लावते. प्रभू येशूने अखेरच्या न्यायाच्या दाखल्यात भुकेले, तहानलेले, उघडे आणि आजारी यांच्याबरोबर तुरुंगातील माणसालाही मोजले आहे. त्याला भेटणे म्हणजे प्रभूलाच भेटणे. त्या माणसाचा गुन्हा काय, हा प्रश्न तेथे विचारलेला नाही. आजही आपल्या देशातील तुरुंगांत बहुतेक कैदी असे आहेत की ज्यांच्या खटल्याचा निकालच लागलेला नाही. त्यांत गरीब, वकील न मिळालेले, घरचे कोणी भेटायला न येणारे पुष्कळ असतात.

आपल्या ओळखीच्या एखाद्या घरातील माणूस तुरुंगात असेल, तर त्या घराचा उंबरठा आपण टाळतो का? या रविवारी मिस्सेत कैद्यांसाठी प्रार्थना करू या, आणि आठवडाभरात एकदा तरी तो उंबरठा ओलांडू या.