विश्लेषण : मधमाश्या एकमेकींना पत्ता कसा सांगतात? कार्ल फॉन फ्रिश यांनी हे कसे शोधले?

अंधाऱ्या पोळ्यात एक मधमाशी अंग हलवत नाचते आणि काही वेळातच तिच्या सोबतिणी दूरवरच्या नेमक्या त्याच फुलांवर पोहोचतात. या नाचाचा अर्थ ऑस्ट्रियन प्राणीशास्त्रज्ञ कार्ल फॉन फ्रिश यांनी उलगडला. त्यासाठी १९७३ मध्ये कॉनराड लॉरेन्झ आणि निको टिनबर्गन यांच्यासह त्यांना वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले.

मधमाश्यांकडे कसे वळले?

फ्रिश यांचा जन्म १८८६ मध्ये व्हिएन्नात झाला. वडील शल्यचिकित्सक होते, मात्र फ्रिश यांनी वैद्यकीय शिक्षण सोडून प्राणीशास्त्राची वाट धरली. मधमाश्यांना रंग दिसत नाहीत, असे त्या वेळचे नामवंत नेत्रतज्ज्ञ कार्ल फॉन हेस सांगत. मग फुलांना रंग कशासाठी, असा प्रश्न तरुण फ्रिश यांना पडला. करड्या रंगाच्या फिक्या-गडद छटांच्या कागदांत त्यांनी एक निळा कागद ठेवला आणि त्यावरच साखरेचा पाक दिला. पुढे बशी रिकामी ठेवली, कागदाची जागा बदलली, तरी माश्या निळ्यावरच उतरल्या. लाल रंग मात्र त्यांना काळ्यापासून वेगळा ओळखता येईना.

नाझी काळात काय घडले?

फ्रिश म्युनिकमध्ये प्राध्यापक होते. आईकडून आलेल्या ज्यू वारशामुळे १९४१ मध्ये त्यांच्यावर पद गमावण्याची वेळ आली. त्याच सुमारास नोसेमा या आतड्याच्या रोगाने जर्मनीतील मधमाश्यांच्या वसाहती मरत होत्या. मधमाश्या नसतील तर फळे आणि तेलबियांचे परागीभवन होणार नाही, ही युद्धकाळातील सरकारची चिंता होती. रोगाचा अभ्यास फ्रिश यांच्याकडे सोपवला गेला आणि बडतर्फी युद्धानंतरवर ढकलली गेली. ज्या माश्यांचा त्यांनी अभ्यास केला, त्यांनीच त्यांना वाचवले.

नाचाचा अर्थ काय?

१९२० च्या दशकात फ्रिश यांनी गोल नाच म्हणजे मकरंद आणि शेपूट हलवत केलेला नाच म्हणजे पराग, असा निष्कर्ष काढला होता. पण तेव्हा पाकाची बशी पोळ्याजवळ असे, तर पराग दुरून येई. १९४४ मध्ये बशी दूर नेल्यावर पाक आणणाऱ्या माश्याही शेपूट हलवून नाचू लागल्या. फरक अन्नाचा नसून अंतराचा होता. फ्रिश यांनी स्वतःचाच जुना निष्कर्ष मोडीत काढला.

पोळ्याच्या उभ्या पृष्ठभागावर माशी सरळ वर नाचली, तर अन्न सूर्याच्या दिशेला असते. उभ्या रेषेपासून उजवीकडे ६० अंश कलून नाचली, तर सूर्याच्या उजवीकडे ६० अंशांवर. नाचाचा सरळ टप्पा जितका लांबतो, तितके अंतर जास्त. ढग असले तरी निळ्या आकाशाचा एखादा तुकडा त्यांना पुरतो. तेथील ध्रुवीकृत प्रकाशावरून त्या सूर्याचा अंदाज घेतात.

या शोधाचे महत्त्व काय?

फुलोरा थोडे दिवस टिकतो आणि विखुरलेला असतो. अशा वेळी एकीला सापडलेले अन्न सगळ्यांना कळणे हे वसाहतीच्या जगण्याचे साधन ठरते. हेच अनुकूलन. १९६० च्या दशकात काही संशोधकांनी मात्र माश्या केवळ वासावर जातात, असा आक्षेप घेतला. फ्रिश १९८२ मध्ये निवर्तले. पुढे २००५ मध्ये माश्यांच्या पाठीवर सूक्ष्म उपकरणे बसवून रडारने त्यांचा माग काढण्यात आला. नाच पाहिलेल्या माश्या सांगितलेल्या दिशेनेच उडाल्या.