किल्ल्यातील रुग्ण : कोल्हापूरचे चौथे शिवाजी महाराज

राजर्षी शाहू महाराजांवर बोलायला उभा राहिलेला विद्यार्थी हमखास एका वाक्याने सुरुवात करतो. कागलच्या घाटगे घराण्यातील यशवंतराव १७ मार्च १८८४ रोजी कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले. वाक्य बरोबर आहे. पण ही गादी रिकामी का झाली होती, हे सहसा कोणी विचारत नाही. ती रिकामी झाली होती अवघ्या वीस वर्षांच्या एका तरुणाच्या मृत्यूमुळे. तो तरुण राजा होता, सरकारच्या लेखी वेडा होता आणि मेला तेव्हा एका किल्ल्यात पहाऱ्याखाली होता.

त्यांचे मूळ नाव नारायणराव भोसले. जन्म ५ एप्रिल १८६३ चा. कोल्हापूरचे राजाराम महाराज विलायतेहून परतत असता ३० नोव्हेंबर १८७० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स शहरी वारले. त्यांना पुत्र नव्हता. पुढच्याच वर्षी आठ वर्षांच्या नारायणरावांना दत्तक घेऊन शिवाजी हे नाव देण्यात आले आणि एका साध्या मुलाचे आयुष्य एकाएकी इतरांच्या हाती गेले. शिकवायला इंग्रज अधिकारी, कारभाराला दिवाण, वर नजर ठेवायला पोलिटिकल एजंट. १८७५ साली इंग्लंडचे युवराज मुंबईस आले तेव्हा बारा वर्षांच्या या राजाला नटवून स्वागताला उभे केले होते. १८७७ मध्ये मोठा किताबही मिळाला. या वयात आपण गोट्या खेळत होतो, हे आठवले म्हणजे त्या पोराची दया येते.

पुढे महाराजांच्या वागण्यात फरक पडू लागला आणि त्यांना वेडाचे झटके येतात असे सरकारी गोटातून सांगण्यात येऊ लागले. आजाराचे नेमके स्वरूप काय होते, ते आज दीडशे वर्षांनी आपण ठरवणे धाडसाचे होईल. त्या काळी मात्र सगळ्यांनी आपापल्या परीने ते ठरवून टाकले होते. सरकार म्हणे महाराज वेडे आहेत. लोक म्हणत, महाराज शहाणे आहेत, त्यांना छळून वेडे ठरवले जात आहे, आणि या कारस्थानाच्या मुळाशी दिवाण माधवराव बर्वे आहेत.

जानेवारी १८८१ मध्ये सुरू झालेल्या केसरी आणि मराठा या पत्रांनी महाराजांची बाजू हिरिरीने उचलली. आगरकर तेव्हा केसरीचे आणि टिळक मराठ्याचे संपादक. दोघेही पंचविशीतले. बर्व्यांविरुद्ध पुरावा म्हणून काही पत्रे त्यांच्या हाती आली, ती त्यांनी खरी मानली, आणि बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला. ती पत्रे बनावट ठरली. जुलै १८८२ मध्ये दोघांना चार महिन्यांची साधी कैद झाली. सूट मिळून २६ ऑक्टोबरला ते डोंगरीच्या तुरुंगातून सुटले, तेव्हा लोकांनी त्यांचा मोठा सत्कार केला. ते एकशे एक दिवस आगरकरांनी पुस्तक लिहून अमर केले. राजपुत्र खरोखर वेडा आहे की नाही, या कोड्याभोवती फिरणारे हॅम्लेट नाटक आगरकरांनीच मराठीत आणले आणि त्यांचे विकारविलसित १८८३ साली प्रसिद्ध झाले, हा योगायोग मला फार बोलका वाटतो.

येथे एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे. टिळक-आगरकरांची तळमळ खरी होती, त्यांनी किंमतही मोजली. परंतु त्यांचा सगळा वाद महाराज शहाणे आहेत की वेडे, या एका मुद्द्यावर उभा होता. समजा, महाराज खरोखरच आजारी असतील, तर? मग त्यांना कोंडून ठेवणे योग्य ठरत होते काय? हा प्रश्न त्या गदारोळात मागे पडला. आजारी माणसालाही आपले काही म्हणणे असते, हे ना सरकारला सुचले ना सरकारच्या विरोधकांना.

टिळक-आगरकर तुरुंगातून बाहेर आले, महाराज मात्र आत गेले. १८८२ सालीच राज्यकारभार कागलच्या आबासाहेब घाटगे यांच्याकडे रीजंट म्हणून सोपवण्यात आला होता. १८८३ मध्ये महाराजांना कोल्हापुरापासून दूर अहमदनगरच्या भुईकोट किल्ल्यात हलवले. पंडित नेहरूंनी भारताचा शोध हा ग्रंथ जेथे लिहिला, म्हणून आपण हा किल्ला ओळखतो. नेहरूंच्या आधी साठ वर्षे तेथे हा रुग्ण होता. त्यांच्यावर कोणताही गुन्हा नव्हता, खटला नव्हता, शिक्षा नव्हती. म्हणूनच सुटकेची तारीखही नव्हती. डोंगरीच्या कैद्यांना निदान आपले दिवस मोजता येत होते.

आणि सांभाळायला कोण? ग्रीन नावाचा एक गोरा शिपाई. २५ डिसेंबर १८८३ रोजी, नाताळच्या दिवशी, महाराज आणि ग्रीन यांच्यात झटापट झाली आणि त्यात महाराजांचा अंत झाला. प्लीहा फुटून मृत्यू आला, असे अधिकृत कारण देण्यात आले. चौकशीत ग्रीनला दोष लागला नाही. लोकांचा त्यावर विश्वास बसला नाही. तो मारहाणीचाच बळी होता, असे महाराष्ट्र मानत राहिला.

आपल्या अंबाडी-वज्रेश्वरीकडे एखाद्याला ठाण्याला पाठवा म्हटले की सारे हसतात. ठाण्यात तुरुंगही आहे आणि मनोरुग्णालयही, बोलणाऱ्याच्या मनात बहुधा दुसरे असते. पुणेकरांचे येरवडाही तसेच, दोन्ही संस्था एकाच नावाखाली. वेडा आणि कैदी यांची घरे आपल्या बोलण्यात अशी शेजारी-शेजारी आहेत, आणि कायद्यातही ती पुष्कळ काळ तशीच राहिली. ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ सालचे, म्हणजे महाराजांच्या मृत्यूनंतर अठरा वर्षांनी निघालेले. पण कोणताही गुन्हा नसलेल्या मनोरुग्णांना तुरुंगात डांबण्याची रीत त्यानंतरही देशात चालू होती. पत्रकार शीला बर्वे नव्हे, शीला बारसे (आडनावांचा घोटाळा नको, दिवाणांशी त्यांचा काही संबंध नाही) यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली ती बेकायदा ठरवली. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने आणखी पुढचे पाऊल टाकले. आपल्यावर कोणते उपचार व्हावेत आणि कोणते होऊ नयेत, हे माणसाला आगाऊ लिहून ठेवता येते. आपल्या वतीने बोलणारा प्रतिनिधी नेमता येतो. प्रत्येक राज्यात निदान एका तुरुंगाच्या दवाखान्यात मनोरुग्णांच्या उपचारांची सोय असावी, असेही हा कायदा सांगतो. तुरुंगातल्या गरीब कैद्याला यातले किती ठाऊक असते, हा प्रश्न वेगळा.

चौथ्या शिवाजी महाराजांना यातले काहीच मिळाले नाही, आणि ते तर राजे होते. त्यांच्याविषयी सरकारी अहवाल आहेत, वर्तमानपत्रांचे लेख आहेत, खटल्याचे कागद आहेत. जवळजवळ सगळे इतरांनी लिहिलेले. त्यांच्या मृत्यूला तीन महिने होण्यापूर्वीच राणी आनंदीबाईसाहेबांनी यशवंतरावांना दत्तक घेतले आणि कोल्हापूरचा इतिहास पुढे निघाला. महाराजांची समाधी अहमदनगर शहरात आहे. ज्या शहरात ते स्वेच्छेने आले नव्हते, त्याच शहरात.