जेफ बकली : एकाच अल्बमचा गायक

अमेरिकेच्या टेनेसी राज्यातील मेम्फिस शहर. २९ मे १९९७ ची संध्याकाळ. तीस वर्षांचा एक गायक अंगावरच्या कपड्यांनिशी, पायांतील बूटही न काढता, वुल्फ नदीच्या पाण्यात उतरला. त्याचे सहकारी त्याच संध्याकाळी विमानाने मेम्फिसला यायचे होते. रखडलेल्या दुसऱ्या अल्बमचे काम नव्याने सुरू व्हायचे होते. गायक मात्र पाण्यातून परतला नाही. सहा दिवसांनी, ४ जूनला, त्याचा मृतदेह सापडला.

या गायकाचे नाव जेफ बकली. हयातीत त्यांचा एकच पूर्ण अल्बम प्रसिद्ध झाला, तो म्हणजे 'ग्रेस'. नव्वदच्या दशकातील पर्यायी रॉक संगीताचा विषय निघाला की या अल्बमचे नाव आज अपरिहार्यपणे घेतले जाते. प्रसिद्ध झाला तेव्हा मात्र अमेरिकेत त्याची फारशी दखल घेतली गेली नव्हती.

पित्याची सावली

जेफ बकली यांचा जन्म १७ नोव्हेंबर १९६६ रोजी कॅलिफोर्नियातील अनाहाइम येथे झाला. वडील टिम बकली हे साठच्या दशकातील नावाजलेले गायक व गीतकार. आई मेरी गिबर्ट यांनी पाश्चात्त्य अभिजात संगीताचे शिक्षण घेतले होते. मुलाच्या जन्मापूर्वीच दोघे विभक्त झाले. आई आणि सावत्र वडील यांच्या घरी वाढलेला हा मुलगा स्कॉट मूरहेड या नावाने ओळखला जात असे. लेड झेपेलिन या रॉक वाद्यवृंदाची ओळख त्याला सावत्र वडिलांमुळे झाली आणि ती आवड जन्मभर टिकली.

जन्मदात्या वडिलांचा सहवास त्याला वयाच्या आठव्या वर्षी मिळाला, तोही अवघे काही दिवस. त्यानंतर थोड्याच काळात, २९ जून १९७५ रोजी, अमली पदार्थाच्या अतिसेवनाने टिम बकली यांचा मृत्यू झाला. त्यांचे वय तेव्हा २८ वर्षांचे होते. अंत्यविधीला मुलाला बोलावण्यात आले नाही. पुढे या मुलाने जन्मदाखल्यावरील जेफ बकली हे नाव स्वीकारले. नाव वडिलांचे घेतले, पण वडिलांच्या नावावर ओळखले जाणे त्याला कधीच रुचले नाही. हा पेच आयुष्यभर त्याच्या सोबत राहिला.

हॉलिवूडमधील संगीतसंस्थेत शिक्षण घेतल्यावर काही वर्षे जेफ बकली यांनी इतरांच्या साथीला गिटार वाजवण्यात घालवली. कलाटणी मिळाली ती २६ एप्रिल १९९१ रोजी. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील सेंट अ‍ॅन चर्चमध्ये टिम बकली यांच्या स्मरणार्थ एक मैफल झाली. तीत मुलाने वडिलांची गाणी गायिली. त्यांपैकी एक गाणे वडिलांनी सोडून दिलेल्या पत्नीविषयी आणि अपत्याविषयी होते. ते अपत्य म्हणजे गाणारा स्वतःच. शेवटच्या गाण्यात गिटारची तार तुटली, तेव्हा उरलेला भाग त्यांनी साथीविनाच पूर्ण केला. अंत्यविधीला जाता न आलेल्या मुलाने सोळा वर्षांनी वाहिलेली ही श्रद्धांजली होती. योगायोग असा की, ज्या नावाच्या छायेतून त्यांना बाहेर पडायचे होते, त्याच नावाच्या कार्यक्रमाने ते न्यूयॉर्कच्या संगीतवर्तुळाला परिचित झाले.

सोमवारची मैफल

गिटारवादक गॅरी लुकास यांच्याबरोबर काही काळ काम केल्यावर बकली एकट्यानेच गाऊ लागले. न्यूयॉर्कच्या ईस्ट व्हिलेज भागात 'शिने' नावाचा लहानसा आयरिश कॅफे होता. १९९२ पासून सोमवारी रात्री तेथे ते उसनी आणलेली इलेक्ट्रिक गिटार घेऊन बसत. निना सिमोन, एडिथ पियाफ, बॉब डिलन, लेड झेपेलिन अशा परस्परांशी काहीही नाते नसलेल्या कलाकारांची गाणी ते एकापाठोपाठ एक गात. श्रोते कॉफी पीत, गप्पा मारत आणि हळूहळू गप्प होत. थोड्याच महिन्यांत त्या अरुंद रस्त्यावर ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या अधिकाऱ्यांच्या आलिशान मोटारी उभ्या राहू लागल्या. ऑक्टोबर १९९२ मध्ये बकली यांनी कोलंबिया या कंपनीशी करार केला.

नुसरत यांचा स्वर

भारतीय श्रोत्यांना विशेष जवळचा वाटेल असा एक धागा या चरित्रात आहे. १९९० मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात राहत असताना बकली यांनी पाकिस्तानचे थोर कव्वाल नुसरत फतेह अली खान यांचा आवाज प्रथम ऐकला आणि ते भारावून गेले. भाषा येत नसतानाही त्यांनी कव्वालीचे शब्द उच्चारानुसार पाठ केले. 'ये जो हल्का हल्का सुरूर है' ही नुसरत यांची प्रसिद्ध रचना ते 'शिने' कॅफेत गात. त्या गायनाचे ध्वनिमुद्रण आज उपलब्ध आहे. शब्दोच्चार परके असले, तरी स्वर लांबवण्याची आणि तो वरच्या पट्टीत नेऊन सोडून देण्याची असोशी ऐकणाऱ्याला जाणवते.

बकली यांनी नुसरत यांची प्रदीर्घ मुलाखत घेतली. ती १९९६ मध्ये एका अमेरिकी नियतकालिकात प्रसिद्ध झाली. नुसरत यांच्या एका संग्रहासाठी त्यांनी प्रास्ताविकही लिहिले. 'बँडिट क्वीन' या चित्रपटाच्या संगीतामुळे भारतात घरोघरी पोहोचलेले नुसरत १६ ऑगस्ट १९९७ रोजी लंडनमध्ये निवर्तले. शिष्यभावाने त्यांच्याकडे पाहणारा हा अमेरिकी गायक त्याआधी तीन महिनेही उलटले नव्हते, तोच गेला होता.

'ग्रेस'ची घडण

'ग्रेस'चे ध्वनिमुद्रण १९९३ च्या शरद ऋतूत न्यूयॉर्क राज्यातील वुडस्टॉकजवळच्या बेअर्सव्हिल स्टुडिओत झाले. निर्माते होते अँडी वॉलेस. निर्वाना या वाद्यवृंदाच्या 'नेव्हरमाइंड' या गाजलेल्या अल्बमचे ध्वनिमिश्रण त्यांनीच केले होते. २३ ऑगस्ट १९९४ रोजी 'ग्रेस' बाजारात आला. निर्वानाचे कर्ट कोबेन यांनी आयुष्य संपवल्याला तेव्हा जेमतेम चार महिने झाले होते. कर्कश गिटार आणि संतप्त सूर यांचा तो काळ होता. अशा वेळी या अल्बमची सुरुवात जवळजवळ कुजबुजीसारख्या गुणगुणण्याने होत होती.

दहा गाण्यांच्या या अल्बमला एका चौकटीत बसवणे कठीण आहे. त्यात झेपेलिनच्या वळणाचा रॉक आहे, बेंजामिन ब्रिटन यांनी स्वरबद्ध केलेले मध्ययुगीन भक्तिगीत आहे आणि निना सिमोन यांनी गाजवलेले 'लायलॅक वाइन'ही आहे. एका प्रेमगीताची सुरुवात हार्मोनियमने होते. अखेरच्या 'ड्रीम ब्रदर' या गाण्यात तबला वाजतो. हे गाणे एका संगीतकार मित्राला उद्देशून लिहिलेले आहे. आपल्या वडिलांनी केले तसे, गरोदर प्रेयसीला सोडून जाऊ नकोस, अशी ती विनवणी आहे. पित्याच्या सावलीची छटा अल्बमच्या अगदी शेवटी अशी उमटते.

सर्वाधिक गाजले ते मात्र लेनर्ड कोहेन यांचे 'हॅलेलुया'. मूळ गाणे १९८४ चे. जॉन केल यांनी १९९१ मध्ये ते नव्या रूपात गायिले आणि बकली यांनी तेच रूप आधाराला घेतले. एक गिटार आणि एक आवाज, एवढाच त्याचा ऐवज. पुष्कळदा गाऊन घेतलेल्या आवृत्त्यांतून अंतिम गाणे सिद्ध झाले. पण ऐकताना ते एका दमात गायिल्यासारखे वाटते.

अमेरिकेच्या विक्रीयादीत 'ग्रेस' १४९ व्या क्रमांकाच्या वर गेला नाही. फ्रान्स आणि ऑस्ट्रेलियात मात्र त्याचे स्वागत झाले. फ्रान्समध्ये त्याला १९९५ मध्ये मानाचा शार्ल क्रो अकादमी पुरस्कार मिळाला.

अपुरा राहिलेला दुसरा अल्बम

सुमारे दोन वर्षांच्या दौऱ्यांनी बकली थकले. १९९६ च्या डिसेंबरमध्ये ते टोपणनावे घेऊन लहान कॅफेंमधून गायिले. हरवलेली अनामिकता परत मिळवण्याची ती धडपड होती. गिटारवादक टॉम व्हर्लेन यांच्या निर्मितीखाली दुसऱ्या अल्बमची गाणी ध्वनिमुद्रित झाली, पण त्यांनी बकली यांचे समाधान झाले नाही. मेम्फिसमध्ये एक छोटे घर घेऊन ते एकटेच नव्या गाण्यांचे कच्चे आराखडे टेपवर नोंदवत राहिले. कामाची दिशा सापडत असतानाच नदीकाठची ती संध्याकाळ आली. शवविच्छेदनात अमली पदार्थांचा अंश आढळला नाही. मृत्यू अपघाती बुडण्याने झाला, असा निष्कर्ष निघाला. वडिलांपेक्षा त्यांना दोनच वर्षे अधिक लाभली. मात्र वडिलांप्रमाणे नशेने त्यांचा घास घेतला नाही.

अपुरी गाणी १९९८ मध्ये आईच्या देखरेखीखाली प्रसिद्ध झाली. कलावंताला स्वतःला न पटलेले काम त्याच्या पश्चात लोकांपुढे ठेवावे काय, हा वाद तेव्हापासून चालू आहे. 'ग्रेस'चा श्रोतृवर्ग मात्र वाढतच गेला. २००८ च्या मार्चमध्ये बकली यांचे 'हॅलेलुया' अमेरिकेच्या डिजिटल विक्रीयादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. २०१४ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने जतन करण्याजोग्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रणांत त्याचा समावेश केला. २०१६ मध्ये अल्बमने अमेरिकेत दहा लाखांचा टप्पा गाठल्याचे प्रमाणित झाले.

विशीत असताना हा अल्बम ज्यांनी ऐकला, ते आज पन्नाशीत आहेत. त्या वेळी त्यांना हा गायक वयाने थोरला वाटत असे. आज तो त्यांच्या मुलांच्या वयाचा वाटतो. तारुण्यात मनाला भिडली ती विरहाची गाणी. आज पुन्हा ऐकताना मित्राला केलेली अखेरची विनवणी अधिक काळ मनात रेंगाळते, कारण बापाविना वाढलेल्या मुलाने ती केली होती, हे आता ठाऊक असते.