विश्वेश्वरय्यांची पहिली नेमणूक

नेहरू नगरातील मराठी घरांतून हल्ली एक प्रश्न वारंवार कानी पडतो. मुलगा किंवा मुलगी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला पोहोचली की येणारा-जाणारा प्रत्येक जण विचारतो, प्लेसमेंट झाली का? चार वर्षांचा अभ्यास, बँकेचे कर्ज आणि आई-वडिलांची झोप या एका शब्दावर टांगलेली असते. आम्ही पडलो बी. ए.; यंत्राचे ज्ञान आम्हांस शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या गप्पांतून झाले तेवढेच. तथापि विद्यार्थ्यास महाविद्यालयातून थेट नोकरीत नेणारी ही वाट अगदी अलीकडची आहे, असा जो समज आढळतो तो बरोबर नव्हे. तिचा एक ठळक दाखला 1884 सालचा आहे, आणि तो आपल्या पुण्याचा आहे. त्या वाटेने गेलेला विद्यार्थी म्हणजे मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. 15 सप्टेंबर हा त्यांचा जन्मदिवस अभियंता दिन म्हणून देशभर पाळला जातो.

मोक्षगुंडम हे आंध्रातील एका गावाचे नाव. त्यांचे पूर्वज पिढ्यांपूर्वी ते गाव सोडून म्हैसूर संस्थानात स्थायिक झाले. घरची भाषा तेलुगू, बाहेरची कन्नड, आणि मागे राहिलेले गाव तेवढे नावाच्या अग्रभागी कायम. आपल्यापैकी कित्येकांच्या आडनावातील गाव आपल्या मुलांनी अद्याप पाहिलेलेही नाही. त्यांना या घराण्याची ओळख पटण्यास अडचण पडू नये. विश्वेश्वरय्यांचा जन्म चिक्कबळ्ळापूरजवळील मुद्देनहळ्ळी येथे झाला. वडील श्रीनिवासशास्त्री संस्कृताचे व्यासंगी होते; परंतु मुलगा लहान असतानाच ते निवर्तले. पुढे मामांच्या आधाराने आणि एका सधन कुटुंबातील मुलांच्या शिकवण्या करून त्यांनी बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजातून मद्रास विद्यापीठाची बी. ए. पदवी मिळविली. (अभियंत्यांचा हा मेरुमणी आधी बी. ए. झाला होता, हे लिहिताना आम्हांस थोडे समाधान वाटते, ते वाचकांनी क्षम्य मानावे.)

म्हैसूर सरकारने त्यांस शिष्यवृत्ती देऊन पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये धाडले. 1854 साली सार्वजनिक बांधकाम खात्यास हाताखालची माणसे पुरविण्यासाठी जो वर्ग निघाला, त्याचेच हे वाढलेले रूप. पुढे ते पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय म्हणून प्रसिद्धीस आले. त्या काळी खात्यातील वरच्या जागा मुख्यत्वे इंग्लंडातील कूपर्स हिल येथे शिकून आलेल्यांकडे जात. हिंदी महाविद्यालयांच्या वाट्यास हमीच्या जागा येत त्या अगदी मोजक्या. परीक्षेत जो अव्वल येईल त्यास मुंबई सरकार सहायक अभियंता म्हणून घेई. त्याच्या पाठोपाठ आलेल्याने मात्र आपले नशीब आजमावावे. म्हणजे सारी विद्या एका परीक्षेच्या निकालावर पणास लागलेली. 1883 साली विश्वेश्वरय्या एल. सी. ई. परीक्षेत पहिले आले, जेम्स बर्कले पारितोषिक त्यांनी मिळविले, आणि 1884 साली नाशिक येथे त्यांची नेमणूक झाली.

म्हैसूरच्या पैशाने शिकलेला विद्यार्थी मुंबई सरकारच्या चाकरीत गेला! संस्थानचे हे कर्ज त्यांनी पुढे कसे फेडले, ते यथावकाश येईलच.

नाशिकहून त्यांस लौकरच खानदेशात जावे लागले. साक्री तालुक्यातील दातर्ती येथे पांझरा नदीच्या एका प्रवाहाखालून नळाचा वक्रनलिका-मार्ग, म्हणजे सायफन, काढावयाचा होता. कालव्याचे पाणी प्रवाहाच्या तळाखालून नेऊन पलीकडे पुन्हा वर काढावयाचे, असे ते काम. कागदावर सोपे, पण पावसाळा सुरू झाला, नदीस पूर आले आणि खोदलेले सारे वाळूने बुजू लागले. नव्या सहायकाने वरिष्ठांस कळविले की, काम पावसाळ्यानंतर घ्यावे. साहेबांस हे रुचले नाही. नव्या अधिकाऱ्यास शिस्तीची जाणीव नाही असा अर्थ त्यांनी काढला. पहिल्याच नेमणुकीत वरिष्ठांचा असा ग्रह होणे किती घातक, हे सरकारी नोकरीत केस पिकलेल्या आम्हांस वेगळे सांगावयास नको. विश्वेश्वरय्यांनी वाद वाढविला नाही. त्यांनी पावसातच काम पुन्हा हाती घेतले, सुमारे दोन महिन्यांत पुरे केले, आणि ज्यांची नाराजी झाली होती त्यांच्याकडूनच शाबासकी मिळविली. आमच्या मते त्यांची खरी पदवी-परीक्षा ही. पुण्याची होती ती प्रवेशपरीक्षा.

याच पांझरेच्या खोऱ्यात शेकडो वर्षांची फड पद्धत नांदत होती. नदीवर बंधारा घालावयाचा, पाटाने पाणी आणावयाचे, गावच्या भिजणाऱ्या जमिनीचे फड पाडावयाचे, आणि एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यावयाचे. कोणास केव्हा पाणी द्यावयाचे ते गावाने नेमलेला पाटकरी पाहणार. पुढे 1899 च्या सुमारास विश्वेश्वरय्यांनी नीरा कालव्यावर ब्लॉक पद्धत सुचविली. तीतही जमिनीचे गट पाडून, पिकांची फेरपालट ठरवून, पाणी मोजूनमापून अधिक गावांस पुरवावयाचे होते. बागायतदारांनी आरंभी विरोध केला. नंतर त्यांची समजूत पटली. या दोन पद्धतींमधील साम्य पाहता, तरुणपणी खानदेशात पाहिलेले त्यांच्या मनात घर करून राहिले असावे, असा आमचा तर्क आहे. तो तर्क म्हणूनच घ्यावा.

मुंबई इलाख्यातील त्यांच्या पुढील कामांची केवळ यादीही लांबेल. सिंधमधील सक्कर येथे सिंधु नदीचे पाणी शहरास पुरविण्याची योजना त्यांनी पुरी केली. एडनच्या पाणीपुरवठ्याचा व सांडपाण्याचा आराखडा आखला. पुणेकरांस जवळचे काम खडकवासल्याचे. तेथे 1903 साली त्यांनी बसविलेले स्वयंचलित दरवाजे पाणी ठरावीक पातळीच्या वर गेले की आपोआप उघडत आणि पूर ओसरला की आपोआप मिटत. त्यामुळे धरणाची भिंत न वाढविता जलाशयाची पातळी सुमारे 8 फूट वाढविता आली. पुण्याच्या मुक्कामात न्यायमूर्ती रानडे व नामदार गोखले यांचा सहवास त्यांस लाभला.

परंतु हमीच्या नेमणुकीने जे दार उघडले, त्याच्या वरच्या मजल्यास कुलूप होते. अनेक ज्येष्ठांस ओलांडून त्यांस बढत्या मिळाल्या, हे खरे. पण मुख्य अभियंत्याची खुर्ची हिंदी माणसास मिळण्याचा संभव नव्हता. 1908 साली, पूर्ण निवृत्तिवेतनास लागणारी 25 वर्षांची सेवा भरण्यापूर्वीच, त्यांनी चाकरी सोडण्याचा निर्णय घेतला. सरकारने निवृत्तिवेतन दिले, हे त्याच्याही पदरी घालावयास हवे. जी जागा मिळविण्यासाठी आपल्याकडे घराघरांतून नवस बोलले जातात, ती आपण होऊन सोडणारा माणूस आम्हांस ती मिळविणाऱ्यापेक्षा अधिक विचार करावयास लावतो.

त्यानंतर हैदराबादेस 1908 च्या मुसा नदीच्या महापुरावरील उपाययोजना झाली, आणि 1909 साली म्हैसूरचे मुख्य अभियंतापद आले. 1912 ते 1918 ते त्या संस्थानचे दिवाण होते. कावेरीवरील कृष्णराजसागर आणि 1917 साली बंगळूर येथे निघालेले अभियांत्रिकी महाविद्यालय ही शिष्यवृत्तीची परतफेड होय; कर्ज व्याजासह फिटले.

भिलाईकरांनी मात्र भद्रावती विसरू नये. तेथील लोखंडाच्या कारखान्याची योजना विश्वेश्वरय्यांच्याच कारकिर्दीतील. जवळ दगडी कोळसा नाही, जंगल मुबलक. म्हणून झोतभट्टीत कोकऐवजी लाकडी कोळसा घालावयाचा, असा बेत होता. आपल्या कोक ओव्हनची धग सोसलेल्या मंडळींस याचे नवल वाटेल. 1923 साली उत्पादन सुरू झाले तेव्हा महायुद्धानंतरच्या मंदीत लोखंडाचे भाव कोसळलेले होते आणि कारखाना तोट्यात होता. दिवाणगिरी सोडलेले विश्वेश्वरय्या त्या वर्षी मंडळाचे अध्यक्ष झाले आणि 1929 पर्यंत राहून त्यांनी कारखाना सावरला. त्यांचेच नाव धारण करणारा तो कारखाना 1998 साली स्टील अथॉरिटीत विलीन झाला. त्या नात्याने भद्रावती आपल्या भिलाईच्या भावकीतली.

अध्यक्षपदाच्या या वर्षांचे त्यांचे मानधन बराच काळ थकले होते. रक्कम लाख रुपयांहून अधिक झाली. 1955 साली भारतरत्न झालेला आणि 1962 साली शंभरी ओलांडून गेलेला हा माणूस तेव्हा वार्धक्यात होता. त्यांनी ती रक्कम स्वतः न घेता तरुणांस हातचे धंदे शिकविणाऱ्या एका संस्थेसाठी वापरावी असे सरकारास सुचविले, आणि संस्थेस आपले नाव न देता महाराजांचे द्यावे असेही सांगितले. बंगळूरची जयचामराजेंद्र ऑक्युपेशनल इन्स्टिट्यूट, जी आता पॉलिटेक्निक म्हणून ओळखली जाते, ती अशी उभी राहिली.